काहीच न करण्याचा पर्याय

सहार विमानतळावर जाताना पवईच्या तलावाजवळ टॅक्सी अडकली, आणि मी बेल्जियमला नेमकं काय करायला चालले आहे हे बाबांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मुलुंडपासून तोवर ते रस्ता बघत बसले होते. पुढच्या सीटवर, माझी हँडबॅग मांडीवर धरून. मी सांगितलं, तिकडे कोळशाच्या खाणी बंद झाल्याने ओस पडलेले भाग आहेत. विद्यापीठातले लोक त्यांचा अभ्यास करतात, पण त्यांचे जाडजूड अहवाल सरकार वाचत नाही, आणि सरकारला पडलेले प्रश्न प्राध्यापकांपर्यंत पोचत नाहीत. दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला कळेल असं लिहायचं, हे माझं काम.

"म्हंजे लेबर ऑफिसर," बाबा म्हणाले.

माझ्या शेजारी बसलेली आई हसली. एरवी घराबाहेर पडलं की बाबांची मालवणी आवरती व्हायची. त्या दिवशी झाली नाही. "आमच्या कंपनीतलो आमका सांगायचो, मॅनेजमेंटाचा ऐका. मॅनेजमेंटाक सांगायचो, कामगारांचा ऐका. त्याचा कोणच ऐकायचो नाय. कँटीनमधे एकटोच जेवायचो बिचारो." मग गाडी हलल्यावर, पुढे बघतच, "तिकडे एकटी जेवू नको गो."

तुमच्यापैकी जे असेच गेलात त्यांना हे ठाऊक असेल, की निरोपाच्या वेळी माणसं महत्त्वाचं काही बोलत नाहीत. जेवणाखाणाचं बोलतात.

बाबांची कंपनी शास्त्री मार्गावर होती. मी शाळेत असताना ती बंद पडली. गेटाला आधी पत्रे लागले, मग कित्येक वर्षांनी तिथे मॉल उभा राहिला. मधल्या काळात बाबांना कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासाठी कोणाला नेमलेलंच नव्हतं. म्हणून बेल्जियममधल्या एका खाणगावच्या सभागृहात निवृत्त कामगार माइक हातात घेऊन अधिकाऱ्यांवर ओरडताना पाहिले, आणि अधिकारी मान खाली घालून ते लिहून घेताना पाहिले, तेव्हा माझे डोळे भरून आले. माझी सहकारीण आनेलीस शेजारी बसली होती. तिला वाटलं मला सर्दी झाली. तिने खोकल्याची गोळी दिली.

काम मला आवडत होतं. प्राध्यापकांची वाक्यं 'परंतु'ने सुरू होतात आणि सरकारी खात्याला 'म्हणून' हवं असतं. 'परंतु' न गाळता 'म्हणून'पर्यंत कसं पोचायचं, यातच माझे दिवस जायचे. सगळ्यात जुना वाद एकच: जिथलं काम संपलं तिथल्या माणसांना दुसरीकडे जायला मदत करावी, की काम त्यांच्या गावात आणावं? मी दोन्ही बाजूंची टिपणं लिहिली आहेत. दोन्ही बरी उतरली.

टिपणाची एक रीत होती. खात्यापुढे कितीही पर्याय मांडा, पहिला पर्याय नेहमी एकच: काहीच न करणे. आहे ते तसंच चालू दिलं तर काय होईल, हे आधी लिहायचं. नवीन माणसं हा परिच्छेद घाईत उरकतात. मला तो चांगला जमायचा. तरुण जात राहतील. मागे राहिलेल्यांचं वय वाढत जाईल. दवाखाना लांब जाईल, दुकानं लवकर मिटतील. कोणताही एक दिवस वाईट नसेल.

बाबा गेले तेव्हा मी असंच एक टिपण लिहीत होते. मुलुंडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झालं, नातेवाईक पांगले, आणि आईला बरोबर नेण्याचं मी ठरवलं. व्हिसाची चौकशी केली, डॉक्टरांशी बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वर्षश्राद्ध होईपर्यंत घराला कुलूप नाही लावायचं."

"कोणी सांगितलं असं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गेलेलं माणूस येतं-जातं वर्षभर. दार बंद बघून काय करेल?"

बाबा हयात असताना तिने असलं कधी काही मानलं नव्हतं. बाबाच हसले असते. पण त्यावर वाद कसा घालायचा? माझं तिकडचं वर्क परमिट त्या एका नोकरीला बांधलेलं होतं. कचेरीने रजा दिली, रजा वाढवली, काही आठवडे इथून काम करू दिलं. त्यापुढे मी परत गेले नाही तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर परमिट. वर्षश्राद्ध त्याच्या कितीतरी पुढे होतं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी त्या खाणगावाबद्दल लिहायचे. समोर ओट्यापाशी आई वाटाणे सोलत बसलेली. मी कॉलवर असले की ती मिक्सर लावायची नाही, हातानेच खोबरं वाटायची. "तू जा ना. मी आहे व्यवस्थित," असं दिवसातून कितीदा तरी म्हणायची. मी भाजीला खाली उतरले तर परत येईपर्यंत जिन्यात, कठड्याला धरून उभी. विचारलं तर, "उकडतं आत." मी जाते म्हणत नव्हते, राहते म्हणत नव्हते. ती थांब म्हणत नव्हती. दोन खोल्यांत आम्ही एकमेकींना जपून चालत होतो. पहिला पर्याय मी आजवर बाहेरून लिहिला होता. त्यात राहणाऱ्याला तो पर्याय वाटतच नाही. आज कुकर लावायचा असतो, उद्या गॅस यायचा असतो.

शेवटी एका संध्याकाळी आमच्या प्रमुखांचा फोन आला. त्या चांगल्या बोलल्या. जागा आणखी धरून ठेवता येत नव्हती. आईला इंग्रजी समजत नाही, पण मी फोन ठेवताच तिने विचारलं, "गेली नोकरी?"

"हो."

तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुन्हा ठेवलं. "मी सांगितलेलं का तुला थांब म्हणून? हां? एकदा तरी? हे माझ्या नावावर नको टाकूस, वैशू."

"नाही टाकत. माझी मी थांबले."

हे खरं आहे का, मला अजून माहीत नाही. जायची मला भीती वाटत होती आणि राहायचीही. तिचं ते कुलूप न लावणं मला सोयीचं होतं, हेही असेल. तिने मात्र माझं उत्तर लगेच मान्य केलं, कारण तिला तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी आनेलीसने माझी तिकडची खोली आवरली. व्हिडिओ कॉल लावून ती एकेक वस्तू वर धरायची आणि मी सांगायचे: दे, टाक, तुला ठेव. पुस्तकं, सायकलचा पंप, जाड कोट. आई माझ्या खांद्यामागून बघत होती. इतक्या वर्षांत तिने ती खोली कधी पाहिली नव्हती. फोनवर नेहमी माझा चेहराच दिसायचा.

"एवढीशीच?" ती म्हणाली. मग, "खिडकी छान आहे गं. ऊन येतं."

आनेलीसने पलंगावरची चादर ओढून गोळा केली, तशी आई पुढे झाली आणि थेट तिच्याशी मराठीत बोलू लागली. "अगं बाई, अशी नको कोंबू. घडी कर. टोकं धर आधी." आणि नुसत्या हवेत दोन्ही हातांनी टोकं धरून दाखवली. आनेलीस थांबली, हसली. तिने टोकं धरली. आईने दाखवली तशी घडी घातली, पुन्हा एकदा घातली, आणि मग उघड्या गादीवर ठेवली.

"हां. आता बरं दिसतं," आई म्हणाली. "कोणी राहून गेल्यासारखं."

मुलुंडचं घर मला कायम मागे सुटलेलं म्हणून माहीत होतं. तिकडे असताना ते आठवायचं, तेव्हा ते मोठं असायचं. आता मी त्यातच आहे, आणि ते दोन खोल्यांचं आहे. आठवायला ती दुसरी खोली आहे, जिच्या खिडकीत ऊन येतं. कोणी घर विचारलं की मी मुलुंडचा पत्ता सांगते. आई मात्र परवा शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या वैशूचं तिकडे घर होतं. बघितलंय मी."