मावशी आणि अंगणातली रेघ

मावशी झोपली तरी तिचा उजवा डोळा जागा राहायचा. दुपारी ती पडवीत घोरत असे आणि तो डोळा माझ्याकडे पाहत असे. मी दचकले की जागी होऊन म्हणायची, "तो राखणीले हाय. आपण दोघीच बाया, एक डोळा तं उघडा पाह्यजे."

सेलूजवळ तिचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं वर्ध्याच्या बाजारात ती स्वतः नेऊन विकायची. तिच्या कवटीच्या तळाशी गाठ झाली, त्या गाठीने चेहऱ्याची शीर दाबली आणि डोळा मिटायचा थांबला. बाबांनी तिला मुंबईला नेलं. गाठ सगळी निघेना, म्हणून डॉक्टरांनी उरलेल्या भागात तांदळाच्या कणीएवढ्या किरणांच्या गोळ्या कायमच्या बसवल्या. किरणं हळूहळू विझतील, म्हणाले. तोवर सहा महिने गरोदर बाया आणि लहान मुलं लांब ठेवा.

मला तेव्हा आठवा लागला होता. आई लहानपणीच गेलेली, बाळंतपण मावशीकडेच ठरलेलं. मावशीने घर मला दिलं, स्वतः मळ्यातल्या झोपडीत गेली आणि अंगणात चुन्याची रेघ ओढली. "मी निखारा आहो आता. इकडे पाय नको टाकजो."

मुलगी झाली. तिला न्हाऊमाखू घालणं मला कुठे येत होतं? मावशी रेघेपलीकडे पाय पसरून बसायची आणि रिकाम्या मांडीवर तेल लावून दाखवायची. "मानेखाली हात दे. आता पाठ." तिचे हात हवेत फिरायचे आणि माझ्या मांडीवरची पोर तिच्याकडे पाहत राहायची.

एकदा मी मुद्दाम हात थांबवले. मावशीचे तिकडे चालूच होते. पोर पालथी पडून सुखाने कुरकुरत होती, पाठ हलवत होती. खरं सांगते, मला भीती वाटली. मी तिला उचलून आत नेऊ लागले, तर मागून मावशीचा शांत आवाज आला.

"काऊन उचलली? डावा पाय राह्यला ना."

झोपडीच्या भिंतीवर ती रोज कोळशाने एक खूण करायची. तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, माझ्या पोरीला एकदा मांडीवर घेणं. "बारा दिवस राह्यले," एका सकाळी म्हणाली. "मंग मीच न्हाऊ घालीन. तू आराम करजो."

त्याच दुपारी ती वांग्याच्या वाफ्यात कोसळली, ती उठलीच नाही. मुदत संपली नव्हती, म्हणून मी पोरीला तिच्या प्रेताजवळही नेलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पोर नऊ वर्षांची असताना तापातून उठली. मी तिच्या पाठीला तेल चोळत होते.

"तुझा हात मऊ आहे," ती म्हणाली. "मळ्यातल्या आजीचा अंगठा टोचायचा."

खुरपं धरून धरून मावशीच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्याबद्दल मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं. माझा डोळा लागल्यावर मावशीने रेघ ओलांडली असेल, असं मानलं तर सोपं आहे. पण तिने ती ओलांडली नसणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी एवढंच विचारलं, "दुखायचं का गं?"

"नाई," ती म्हणाली. "झोप यायची."