ताईची साक्ष

अकरा वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीपुढे उभा राहून खोटी साक्ष दिली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा बरीच वर्षं मी या गोष्टीला वळसा घालूनच जात असे.

इंदूरमधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उठून सांगायचं. घरातलं कोणी गेलं असेल तर त्या घरातून कोणीतरी उभं राहतंच. आणि ते कोणीतरी म्हणजे मुलगा, हेही न बोलता ठरलेलं.

बाबा गेले होते. लकव्यानं साडेचार महिने पडून होते. माझं घर शहराबाहेर राऊला, मी शिकवतो त्या कॉलेजजवळ. बाबा शहरात, जुन्या घरी, ताईपाशी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, शाळेत शिकवायची. साडेचार महिने तिनं एकटीनं काढले. मी रविवारी उपासना आटोपली की जायचो, फळं ठेवायचो, दारात उभा राहायचो. खोलीत एक वास असायचा. वीस मिनिटांत मला काहीतरी काम आठवायचं.

शेवटच्या सकाळी तिचा फोन आला. "बाबा आज जरा बोलतायत. तुझं नाव घेतलं. लवकर ये."

"क्लास आहे ताई. बारापर्यंत पोचतो."

क्लास नव्हता. मी स्टाफरूममध्ये बसून मुलांची जर्नलं तपासत होतो. त्यांची काही घाई नव्हती. पोचलो तेव्हा ताईनं बाबांच्या हनुवटीला फडकं बांधलेलं होतं.

तर त्या पहिल्या रविवारी मी उठलो. सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं, आणि तोंडातून निघत गेलं. रोज सकाळी मी बाबांची दाढी करायचो. मग शास्त्रपाठ वाचायचो. शेवटच्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि बाबा शांतपणे गेले. यातलं एकूण एक घडलेलं होतं. ताईनंच मला ते रडत रडत सांगितलं होतं. करणारी ती होती. मी तिला उचललं आणि तिच्या जागी स्वतःला ठेवलं, बाकी काही बदललं नाही. ती दुसऱ्या बाकावर बसली होती. मी त्या बाजूला बघितलं नाही.

बाहेर चहाच्या वेळी एक वडीलधाऱ्या बाई माझ्यादेखत तिला म्हणाल्या, "नशीबवान गं तू. भावानं सगळं निभावलं. तू काय, शाळेतच अडकलेली असशील."

ताईनं कप खाली ठेवला. "सलाम, येते," असा आमच्यातला नेहमीचा निरोप घेतला आणि गेली.

पुढच्याच आठवड्यात त्या साक्षीनं मला पकडलं. आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर कंपवातानं घरी बसले होते. त्यांच्या बायकोचा फोन. "बेटा, हे न्हाव्याला हात लावू देत नाहीत. तुम्ही वडलांची करत होता ना रोज? शनिवारी जरा याल का?"

नाही कसं म्हणणार? दुसऱ्या माणसाच्या गालाला मी आयुष्यात रेझर लावला नव्हता. दोन ठिकाणी कापलं. मास्तरांनी आरसा मागितला, बराच वेळ बघितलं.

"वडलांची पण अशीच करत होता का भिया?"

"हो, सर."

"तभी तो निकल लिये बिचारे."

आणि आपल्याच विनोदावर इतके हसले की मान हलून तिसऱ्या ठिकाणी कापलं.

पहिलं वर्षभर मी फक्त भीतीनं गेलो. गेलो नाही तर लोक विचारतील, आणि विचारता विचारता तिथपर्यंत पोचतील. हळूहळू हात बसला. आणखी एका घरून बोलावणं आलं, मग आणखी एका. मंडळीत नाव झालं. दुसरं वर्ष त्या नावावर निघालं. मग दोन्ही संपलं. नाव इतकं पक्कं झालं होतं की माझ्यावर कोणी शंका घेणं शक्य नव्हतं, म्हणून भीती गेली; आणि कौतुकाचं म्हणाल तर तेच ते ऐकून कान किटले.

अशात एका शनिवारी सकाळी मास्तरीणबाईंचा फोन आला. दिवसाचा अटेंडंट ठेवलाय, तो दाढीही करतो. "तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही बेटा. आपकी मर्जी."

मी स्कूटरवर राऊच्या चौकापर्यंत आलेलो. तिथूनच वळवली. सुटलो, असंच वाटलं. चहाच्या टपरीपाशी थांबलो. हातात ग्लास, डिकीत ब्रश, वाटी, टॉवेल. त्या घरी मला यायला सांगणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं. तिथे, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, मी बहुतेक पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. प्रभू, मी खोटा आहे हे तुला माहीत आहे. मला जायचं नाही. जायची इच्छा माझ्याकडे नाही. द्यायची असेल तर तू दे.

काही झालं नाही. चहा संपला. मी स्कूटर परत शहराकडे घेतली. का, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

मास्तर दारातच खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. "लेट झालास. त्याला हाकलला मी. म्हटलं, अपना नाई आ रहा है."

त्या दिवशी त्यांच्या कानामागचा साबण पुसताना मी बाबांचे कान आठवायला गेलो. ते कसे होते, नीट आठवेनात. मी तिथेच रडलो. मास्तरांनी कापरा हात उचलून कसाबसा माझ्या मनगटावर ठेवला आणि साबण वाळेपर्यंत तसाच ठेवला.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी स्कूटर काढण्याआधी मी टपरीपाशी म्हटलेले तेच शब्द म्हणतो. इच्छा साठवून ठेवता येत नाही, मागच्या शनिवारची या शनिवारी चालत नाही. पण मागितली आणि मिळाली नाही असं एकदाही झालेलं नाही. कधी भरपूर मिळते, गाणं गुणगुणत जातो. कधी किक मारण्यापुरतीच. तेवढीही पुरते. ज्या खोट्याची मला शिक्षा व्हायला हवी होती, त्याचंच प्रभूनं मला काम करून दिलं. मास्तर पाच वर्षांपूर्वी गेले. सध्या तीन घरं आहेत. मी इतका आनंदी माणूस होईन असं मला वाटलं नव्हतं, आणि हे माझ्या लायकीचं नाही हेही मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती आमच्याकडे होती. शनिवारी सकाळी मी पिशवी भरत होतो. ती वॉकर धरून दारात आली.

"पाणी तिथे जाऊन कोमट करून घेतोस ना? गार लागलं की बाबा हनुवटी आखडायचे."

मी वाटी खाली ठेवून तिच्याकडे वळलो.

"काय बघतोस? दुसऱ्या बाकावर होते मी. बहिरी नव्हते."

ती बोलत राहिली, टॉवेलची घडी नीट करत. "पहिलं वर्ष तुला सलाम करत होते ना, दात खाऊन करत होते. लोक मलाच विचारत, तू कुठे होतीस. मग मास्तरीणबाईंनी सांगितलं, दर शनिवारी येतो म्हणून. म्हटलं, देखते हैं, किती दिवस टिकतो."

ती खुर्चीत बसली. "अजून बघतेच आहे. जा, उशीर होईल. तिकडे वाट बघत असतील."

मी गेलो. परत आलो तेव्हा तिनं माझ्यासाठी पोहे झाकून ठेवले होते. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही, मीही नाही. तेव्हापासून एक पहिला रविवार येऊन गेला. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. ताई दुसऱ्या बाकावर होती. मी बसून राहिलो.

इथे कागदावर लिहिणं त्या मानानं सोपं आहे. ताईचं माझ्याकडे अजून राहिलंय ते हे: त्याच जागी, त्याच माणसांपुढे उभं राहून सांगायचं की बाबांची दाढी तिनं केली, शास्त्रपाठ तिनं वाचला, शेवटची प्रार्थना त्यांच्याबरोबर तिनं म्हटली, आणि मी तिथे नव्हतो.