कंबरेतला षटकार

षटकार हातानं नाही, कंबरेतून बसतो, हे मी मोबाइलवर पाहून शिकलो. आधी कंबर वळते, मग खांदा, शेवटी मनगट. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी असेंब्ली लाइनवर असतो, त्यामुळं हा क्रम मला लगेच पटला. नुसते हात फिरवणाऱ्यांची तर कीवच यायला लागली.

रविवारच्या मॅचला आमच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळणारे काका गोलंदाजीला आले. ते धावायला लागले तशी मी कंबर वळवली. मग खांदा, मग मनगट. सगळं ठरल्याप्रमाणं झालं आणि मी गरकन फिरून खाली बसलो.

काका दम खायला मध्येच थांबले होते. हातातला चेंडू दाखवत म्हणाले, "लाइन लई भारी चालली, पण माल अजून स्टोअरातून निघालाच नाय."