धार काढल्यावर

भूमच्या एसटी स्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर नानासाहेबांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथला पहिला माणूस सिद्धेश्वर. ईट गावच्या खवाभट्टीच्या धुरात वाढलेला, मोबाइलवर बघून बघून वेबसाइट करायला शिकलेला. खवा उचलणाऱ्या गाडीचं ॲप त्यानं एकट्यानं उभं केलं. उद्याचा खवा कधी मिळेल ते भट्टीवाल्यांनी दुपारपर्यंत भरायचं आणि संध्याकाळी सहाला सर्व्हरनं गाडीवाल्याला थांब्यांची यादी पाठवायची. एखादी भट्टी यादीतून गळायची, पण तो दोष बिचाऱ्या रेंजच्या माथी जायचा. नानासाहेब आल्यागेल्याला सांगत, "ह्यो आमचा हिरा." ते ऐकायची सिद्धेश्वरला चटकच लागली होती.

मग क्षमा आली. परंड्याची, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परतलेली. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "दादा, सर्व्हर काय उत्तर पाठवतो, ते कुणी तपासतच नाही. वेळ घड्याळाची नसली की भट्टी यादीतून गळते." आणि तिनं ॲपमध्ये स्कीमा लिहिला. स्कीमा म्हणजे उत्तराचा साचा: नाव हवंच, फोन दहा आकडी, वेळ घड्याळाची. साच्यात न बसणारं उत्तर बाहेर जायचं नाही, तिच्या स्क्रीनवर अडकून राहायचं.

"सिधू, तुला का सुचलं न्हाय रं हे?" नानासाहेबांनी सहज विचारलं.

सिद्धेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. चहाचा पहिला कप आता तिच्यापुढं जायचा. आयत्या बिळावर नागोबा, असं तो मनात म्हणे. पण ती आपल्यापेक्षा हुशार आहे हे त्याला कळत होतं, आणि खरं दुखणं तेच होतं. रोज संध्याकाळी ती हळू आवाजात कुणाकुणाला फोन करत बसे. ती आपल्यालाच हसत असणार, याची त्याला खात्री होती.

बुधवारी ती जेवायला गेली असताना त्यानं कोडमधली तपासणीची ओळ बंद करून टाकली. यादी फिसकटावी आणि नानासाहेबांनी तिला एकदा तरी चारचौघांत झापावं, एवढीच त्याची इच्छा होती. सहा वाजता क्षमाच्या स्क्रीनवर काहीच अडकलं नाही. ती खुशीत घरी गेली.

गुरुवारी दुपारी नानासाहेब जिना चढून आले ते तावातावानंच. "क्षमा, तुझी तपासणी काय झोपली व्हती? ईटची एक भट्टी गळाली यादीतून!"

क्षमाचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोला, सिद्धेश्वरला गार वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई होती, जाईबाई.

"सिद्धा, गाडी आलीच न्हाय रं. समदा खवा आंबला."

ईटला भट्ट्या काय कमी आहेत? आपलीच गळेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आईची वेळ पूर्वी तोच भरायचा. महिन्यापूर्वी नवा मोबाइल आला, तेव्हापासून ती "माझं म्या भरते" म्हणू लागली होती.

"वेळ काय लिहिलीस?"

"रोजचंच. धार काढल्यावर."

"रोज असंच लिहितीस?"

"व्हय. मग सांजच्याला त्या पोरीचा फोन येतो, 'मावशी, उद्या धार किती वाजता?' म्या सांगते साडेसहा, ती त्यावरनं खव्याची घड्याळाची वेळ लिहिती. काल फोनच आला न्हाय. बरी हाय का रं ती?"

सिद्धेश्वरला आता उलगडलं. ते संध्याकाळचे फोन भट्टीवाल्यांना होते, आणि तिनं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

"नानासाहेब, तिला बोलू नका," तो म्हणाला. "तपासणी म्या बंद केली."

"का रं?"

"जळत व्हतो तिच्यावर."

फोन अजून चालूच होता.

"सिद्धा, ती तिथंच हाय न्हवं?" जाईबाई म्हणाली. "तिला दे बरं फोन. उद्याची वेळ सांगायची हाय."

"मला सांग की, आई."

"तुला नगं. तिलाच दे."

त्यानं फोन क्षमाच्या हातात दिला. आणि तेव्हासुद्धा तो जळलाच.