उलटीच्या गोळ्यांचा वाटा

एडवणच्या बाजूला आमचं घर. होडी लागली की आई मासळीचे वाटे करायची आणि बोईसरच्या बाजाराला निघण्याआधी आजूबाजूच्या चार घरी पाठवायची. कुणी नुसतं बसायला आलं तरी उठताना त्याच्या हातात चार बोंबील पडायचेच. "हात हलवत जाशील होय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आई जाऊन काही वर्षं झाली. मला मात्र त्या बाजाराच्या दिवसांपेक्षा तिच्या आजारपणातले महिनेच जास्त आठवतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याच महिन्यांत आई मला दिवसभर मिळाली.

केमो सुरू झाली आणि तिला मासळीचा वास सोसेना. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली ही बाई, शेजारी वाळत घातलेल्या बोंबलांवरून वारा आला तरी तोंडाला पदर लावायची. डॉक्टरांनी उलटीच्या गोळ्या लिहून दिल्या. जेवणाच्या अर्धा तास आधी, कोरड्या हाताने मागचा कागद सोलून, जिभेवर ठेवून विरघळू द्यायची. लिहिल्यात त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत. तरीही उलट्या थांबल्या नाहीत तर मनाने दुसरी घ्यायची नाही, फोन करायचा. आई गोळीवर खूश होती. औषध असून गोड लागतं, याचं तिला भारी कौतुक.

एका दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. मी डबा उघडला तर पाकीट रिकामं. पुढच्या केमोपर्यंत पुरायला हव्या होत्या त्या गोळ्या. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "जास्त घेतल्या का त्यांनी?" मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाय घेतल्या. काकीला दिल्या. यश्टीत बसली का तिला मळमळतं."

काकी म्हणजे आमची शेजारीण. छातीत धडधड होते म्हणून तिला पालघरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. हे सांगताच फोनवरचा आवाज बदलला. हृदयाची काही दुखणी असतील किंवा त्यावरची काही औषधं चालू असतील, तर याच गोळीने ठोके बिघडू शकतात. किती घेतल्यात ते आत्ता जाऊन विचारा, आणि घेतल्या असतील तर त्यांना लगेच घेऊन या, असं ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या दानधर्मापायी काकीचा जीव जाईल एक दिवस," असं मी तोंडावर बोलले. आई क्षीण आवाजात म्हणाली, "आपल्या घरून कोन रिकाम्या हातानं गेलंय कवा? आता माज्याकडं देयाला दुसरं हाय काय?" तिच्याजवळ बादली सरकवून मी तशीच धावत सुटले.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी काय विचारतेय ते तिने ऐकून घेतलं आणि पदराची गाठ सोडली. कात्रीने कापलेले पाकिटाचे तुकडे निघाले, आत गोळ्या जशाच्या तशा.

"एक पन नाय खाल्ली. माजं छातीचं औषध चालू हाय, डॉक्टरला इचारल्याबिगर खाईन व्हय?"

"मग घेतल्यास कशाला, काकी?"

"देताना तुज्या आयचं तोंड बघितलंस कवा? नको कसं म्हनू मी तिला?"

मी तिथेच तिच्या शेजारी बसले आणि रडले.

त्या गोळ्या आईला दिल्या नाहीत. घामट पदरात राहिलेल्या, मुदत छापलेला भाग कापून गेलेला. औषधाच्या दुकानदारानेही टाकून द्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मोबाईलवर चिठ्ठी पाठवली होती, त्यावर नव्या आणल्या. प्रश्न आईला काय सांगायचं हा होता. काकीने एकही घेतली नाही म्हटलं तर तिचं मन मोडणार. गप्प बसले तर उद्या ती आणखी कुणाला तरी वाटणार. शेवटी खरं तेच सांगितलं, आणि गोळी ज्याला लिहून दिली त्यानेच घ्यायची, हेही. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलून पडली. पुढचे दोन दिवस गोळी वेळेवर घेऊनही पेज तशीच राहायची. आता ती मळमळ नव्हती, हे मला कळत होतं. अंगात ताकद नसेल तर पुढची केमो लांबणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरले होते.

मग काकी आली. आईच्या उशाशी टेकून म्हणाली, "अगो, तुज्या मसाल्याला जी चव येते ती कशानं? या साली माजा पार बिगडला. जरा सांग ना."

आई उठून बसली. मिरची कुठली घ्यायची, कडक ऊन कसं द्यायचं, धणे कुठवर भाजायचे, ती सांगत सुटली. मधूनच बोंबलाच्या कालवणावर घसरली, पण तोंडाला पदर काही गेला नाही. काकी मान डोलवत होती, "अस्सं होय" म्हणत होती, एकेक गोष्ट दोनदोनदा विचारून घेत होती. त्या संध्याकाळी आईने वाटीभर पेज खाल्ली, वर लोणच्याचा खारही मागितला.

आमच्या आळीत निम्म्या घरांचा मसाला काकीच करून देते. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला तो काकीनेच शिकवला होता.