अर्ध्या फेऱ्यात सुरू होणारी गाडी

"अंगठा बोटांबरोबर!"

डॉक्टर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कॉव्हेंट्रीच्या एका सुपरमार्केटमध्ये मी ट्रॉली ढकलत, फोनवर नागपूरला आईशी बोलत होते. शेजारून एक उंच, टक्कल पडलेले, ट्वीडचा कोट घातलेले गृहस्थ आले, माझ्या हाताकडे बोट दाखवून एवढंच बोलले आणि ब्रेडच्या बाजूला दिसेनासे झाले. इंग्लंडात येऊन मला महिनाही झाला नव्हता. इथे ट्रॉली धरण्याचाही काही कायदा असेल असं वाटून मी मुकाट्याने अंगठा उचलून बोटांशेजारी ठेवला.

पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली तेव्हा कळलं, की ते सगळ्यांनाच हे सांगतात. आरतीचं तबक, किटलीचा कान, बसमधला दांडा, काहीही धरलं तरी मूठ वळायची नाही. अंगठा चारी बोटांच्या बाजूलाच राहिला पाहिजे. मंडळातली पोरं त्यांना पाहिलं की मुद्दाम मुठी वळून दाखवायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं वाक्य घेऊन फिरणारा माणूस असेल. आपण हसतो, आणि ते वाक्य कुठून आलं हे विचारायचं राहून जातं.

डॉक्टर मूळचे मिरजेचे. भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात नोकरी करून रिटायर झालेले. काकूही डॉक्टर, डोळ्यांच्या सर्जन. पण आपल्या मंडळांत एका घरात एकच डॉक्टर असतो, दुसऱ्याची काकू होते. त्या ऑपरेशन करायच्या हेसुद्धा मला बऱ्याच उशिरा कळलं. नंतर त्यांनी ते सोडलं आणि शेवटपर्यंत क्लिनिकमध्ये नुसते डोळे तपासले. का सोडलं विचारलं तर उजवा हात पुढे करून हसायच्या. "हा आमचा हात आगाऊ आहे गं. सांगितलेलं ऐकत नाही."

मी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहायचे. रविवारी काकूंचे पोहे खायला जायचे आणि त्याच्या मोबदल्यात गॅरेजमध्ये पितळ घासायचे. त्या गॅरेजमध्ये डॉक्टरांची गाडी होती. शंभरीला टेकलेली, अमेरिकन, पितळी दिव्यांची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण ती कंपनी बुडून जमाना झाला. तिचा इतिहास मात्र मी इतक्यांदा ऐकलाय की माझ्या आजोळच्या इतिहासापेक्षा तो मला जास्त पाठ आहे.

"काय नागपूर, ऐक," डॉक्टर सुरू करायचे. "हे लोक मुळात बग्गीवाले. मिशिगनमधल्या एवढ्याशा गावात बग्ग्या बनवायचे. मालकाचा मुलगा एक दिवस बग्गीला इंजिन लावून चर्चला गेला. बापाने आठवडाभर तोंड बघितलं नाही! मग गावचा डॉक्टर आला आणि म्हणाला, मला एक द्या. तेव्हाच्या मोटारी पहिल्यांदा घेतल्या कोणी? डॉक्टरांनी. घोड्याला दाणा लागतो, झोप लागते. ही हँडल मारलं की निघाली. आणि तेही अर्ध्या फेऱ्यात! कंपनीची जाहिरातच होती ती."

इथे त्यांचा आवाज असा चढायचा, की जणू त्या कारखान्यात सुपरवायझर हेच होते. एवढं सांगून झालं की ते चिंधी झटकायचे. मग कंपनी बुडाली कशी, असं विचारलं की उत्तर दर वेळी वेगळं. एका रविवारी बँकेने हात आखडता घेतलेला असायचा, दुसऱ्या रविवारी महायुद्धामुळे पोलाद मिळायचं बंद झालेलं असायचं. एकदा तर मालकाचा जावई दारुडा निघाला. मला वाटायचं, म्हातारपण आहे, चालायचंच.

गाडी महिन्यातून एकदा सुरू करायची आणि थोडा वेळ चालू ठेवून बंद करायची, रस्त्यावर न्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. हँडल पुढून मारायचं असतं, म्हणजे गाडीच्या तोंडाशी खोचून हाताने गरकन फिरवायचं. ते स्वतः मारायचे, नाहीतर मंडळातला कोणी मुलगा आला असेल तर त्याला मारू द्यायचे. मी एकदा हँडलला हात लावला तर गडी पांढराफटक पडला. "तू नाही. तू मागे हो." मी नागपूरची. मी भांडले. मुलांना चालतं आणि मला नाही, हा कुठला न्याय? डॉक्टर हात जोडून एवढंच म्हणाले, "प्लीज." मी चिंधी आपटून पोहे न खाता घरी गेले. त्या दिवशी मी त्यांच्या नावावर 'जुन्या वळणाचा पुरुष' असा शिक्का मारला आणि पुढे बरेच दिवस तो पुसला नाही.

खरं तर त्या वळणाच्या माणसाशी त्यांचं घरातलं वागणं जुळत नव्हतं. काकूंना ते बरणी उघडू द्यायचे नाहीत. संत्रं सोलून द्यायचे, कुकर उचलायचे, कौन्सिलचा कचऱ्याचा डबा तर काकूंनी कधी हलवलाच नसेल. काकू वैतागायच्या. "अहो, मी काही काचेची नाहीये." डॉक्टर ऐकू न आल्यासारखं करून पुढची फोड सोलायचे. आम्ही बायका त्यांचं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना आणि बॉयफ्रेंडना द्यायचो.

गावातले मोटारींचे कारखाने त्या वर्षांत एकेक करून बंद होत होते. जुन्या गाड्यांच्या एका क्लबने व्याख्यानांची मालिका ठेवली आणि डॉक्टरांना त्यांच्या कंपनीवर बोलायला बोलावलं. स्लाइड्स करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी सॉफ्टवेअरवाली. सॉफ्टवेअरवाल्यांना प्रिंटरपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं येतं असा आपल्या लोकांचा ठाम समज आहे. मी बसले. शेवटच्या स्लाइडसाठी कंपनी नक्की कशाने बुडाली ते एकदाचं ठरवावं म्हणून इंटरनेटवर शोधलं. अमेरिकेतल्या दोन-तीन जुन्या हौशी लोकांनी सगळं सविस्तर लिहून ठेवलं होतं. बँक नाही, युद्ध नाही, बिचारा जावईही नाही. दुसऱ्या कंपन्यांनी बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या काढल्या. हँडलमुळे लोकांची मनगटं मोडत होती म्हणून. आमच्या बग्गीवाल्याने मात्र हट्ट धरला, की अर्ध्या फेऱ्यात सुरू होणाऱ्या गाडीला बटण कशाला? चार वर्षांत दुकान बंद.

मी मोठ्या खुशीत स्लाइड केली. मोडलेलं मनगट गळ्यात अडकवलेल्या माणसाचं एक जुनं चित्रही डकवलं. रविवारी लॅपटॉप गॅरेजमध्ये नेऊन दाखवलं.

डॉक्टरांनी स्लाइड वाचली, ते चित्र बघितलं. मग म्हणाले, "ही काढून टाक."

"पण खरं कारण हेच आहे, डॉक्टर."

"माहितीये मला." ते गाडीच्या पायरीवर बसले. काकू मागच्या बागेत होत्या. तिकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. "तिचा हात ह्या हँडलनेच मोडला. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

फार वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका रॅलीहून ह्याच गाडीतून ते दोघं परत येत होते. चढावर गाडी बंद पडली. मागे गाड्यांची रांग लागली होती. हँडब्रेक नीट धरत नव्हता म्हणून डॉक्टर ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले आणि काकू हँडल मारायला उतरल्या. स्टिअरिंगपाशी इंजिनातली ठिणगी केव्हा पडावी ते ठरवणारा लिव्हर असतो. गाडी चालताना तो पुढे असतो, पण हँडल मारायच्या आधी मागे घ्यावाच लागतो. नाहीतर इंजिन उलटं उसळतं आणि हँडल हातावर येतं. लिव्हर मागे घेणं हे बसलेल्याचं काम.

"मी रोज ऑपरेशनच्या आधी सगळ्या नळ्या तीन-तीनदा तपासणारा माणूस," डॉक्टर म्हणाले. "तो लिव्हर मी बघितला नाही."

"मग?"

"मग कॅज्युअल्टीत त्यांनी विचारलं, हाऊ डिड इट हॅपन. माझ्या तोंडून निघून गेलं, शी हॅड हर थम्ब राउंड इट. अंगठा वळवून धरलं की हँडल अंगठ्यासकट मनगट नेतं, हेही खरंच असतं ना. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, असेल."

ते चिंधीची घडी घालत, मोडत राहिले. "प्लास्टर निघू दे, मग सांगू म्हटलं. मग फिजिओ चालू होती. मग तिने ऑपरेशन सोडलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? रोज सकाळी वाटतं, आज सांगू. रोज. अगं, मी त्या अंगठ्याचं इतकं सांगत सुटलो लोकांना, की मलाच कधीकधी खरं वाटायला लागतं."

मी स्लाइड काढून टाकली. मग पितळ घासत बसले. त्यांना मी जुन्या वळणाचा पुरुष म्हणून निकालात काढलं होतं, याची मला लाज वाटत होती. आणि त्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसून आता काकूंच्या हातचा चहा प्यायचा, याची त्याहून जास्त.

व्याख्यान शनिवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये होतं. कारखान्यांतून निवृत्त झालेले तीसेक इंग्रज म्हातारे होते. पहिल्या रांगेत काकू, मांडीवर थर्मास. डॉक्टर रंगात आले होते. बग्गीचं सांगितलं, चर्चचं सांगितलं, गावच्या डॉक्टरवर हशाही मिळाला. शेवटची स्लाइड कारखान्याच्या बंद फाटकाची होती. बँक येणार की जावई, म्हणून मी वाट बघत होते.

डॉक्टर थांबले. चष्मा काढला. मग त्यांनी बटणाचं सांगितलं, हट्टाचं सांगितलं आणि त्याच सुरात, कंपनीचाच पुढचा भाग असावा तसं म्हणाले, "माय वाइफ्स रिस्ट वॉज ब्रोकन बाय धिस कार. आय सेड इट वॉज हर थम्ब. इट वॉज नॉट. द लिव्हर वॉज माय जॉब."

इंग्रज माणसाला असल्या वेळी काय करावं ते मुळीच कळत नाही. अध्यक्ष उठले, अतिशय मनापासून केलेल्या भाषणाबद्दल आभार मानले आणि चहा मागच्या टेबलावर आहे म्हणाले. एका आजोबांनी चाकांच्या लाकडाबद्दल प्रश्न विचारला. डॉक्टरांनी उत्तर दिलं, हिकरी. काकूंनी थर्मास पिशवीत ठेवला आणि सगळ्यांसारख्याच रांगेत उभं राहून चहा घेतला.

परत आम्ही माझ्या गाडीने येत होतो, चालवत मी होते. डॉक्टर माझ्या शेजारी, काकू मागे. निम्मा रस्ता मागे पडला.

"इंग्रजीत सांगितलंत," काकू मागून म्हणाल्या.

डॉक्टरांनी सीटबेल्टवर हात ठेवला.

"त्या सगळ्यांना सांगितलंत. आता मला सांगा. मराठीत."

"अगं..." डॉक्टर म्हणाले. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. "लिव्हर मी मागे घेतला नव्हता. तू बरोबर धरलं होतंस."

"मी बरोबर धरलं होतं."

"हो."

"मला तेव्हाही तसंच वाटत होतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि म्हणून मला आरशात बघवेना. "तुम्ही म्हणालात अंगठा वळलेला होता. मी म्हटलं, हे खोटं कशाला बोलतील? म्हणजे माझा हात मला वाटतं ते करत नाही. अहो, हात बरा झाला होता. फिजिओवाली म्हणाली, परफेक्ट. मी ऑपरेशन सोडलं ते मनगटासाठी नाही सोडलं. ज्या हाताचा भरवसा नाही तो लोकांच्या डोळ्यात कसा घालायचा, म्हणून सोडलं."

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. मनगट मोडल्याचा अपराध ते इतकी वर्षं वाहत होते, आणि मोडलं होतं दुसरंच काही. त्यांचा हात सीटबेल्टवर होता, तो तिथेच राहिला.

घर आल्यावर काकू उतरल्या, माझ्या खिडकीशी येऊन "नीट जा गं" म्हणाल्या आणि आत गेल्या. डॉक्टर बसूनच राहिले. "थोडं फिरवतेस?" मी त्यांना रिंगरोडवरून एक चक्कर मारून आणलं, मग आणखी एक. ज्या माणसाने मला कंपनीच्या प्रत्येक नटबोल्टचा इतिहास सांगितला, तो एकदाच बोलला. "परफेक्ट म्हणाली ना फिजिओ? तू ऐकलंस ना?" मी हो म्हटलं. ती स्लाइड मी केलीच नसती तर, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. केली नसती तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतरचे रविवार मी पोह्यांना जायचं टाळलं. पुढच्या महिन्यात प्रोजेक्ट संपला आणि माझ्या कंपनीने मला दूर मेडनहेडला पाठवलं. फोनवर काकू बोलायच्या, डॉक्टर बरे आहेत म्हणायच्या. त्याच हिवाळ्यात डॉक्टर गेल्याचं मंडळाच्या ईमेलवरून कळलं. म्हणजे त्या शनिवारनंतर मी त्यांना पाहिलंच नाही.

त्या शनिवारी चकरा मारून त्यांना दारात सोडलं तेव्हा अजून उजेड होता. डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली, हातात धरून तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकली. मग स्वतःच्या घराची बेल वाजवली आणि पाहुण्यासारखे दोन पावलं मागे सरून उभे राहिले. काकूंना यायला वेळ लागला.

"किल्ली विसरलात का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "येऊ का, ते विचारावं म्हटलं."