बंद करून दाखवा की

हेमावतीशी वाकडं घेऊ नये, असं तिच्या सासरी सगळे जाणून आहेत. लग्नात मानपानावरून टोचून बोललेल्या चुलत सासऱ्याला तिनं नऊ वर्षांनी, त्याच्याच नातवाच्या बारशात, तेच वाक्य जसंच्या तसं परत केलं होतं. म्हातारा हातातला पेढा तोंडात घालायचा विसरला. पण हे पृथ्वीराजला कोण सांगणार?

पृथ्वीराज सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालक आणि हेमावती त्याच्याकडं नोकरीला. कुंभारीच्या अलीकडं सातशे घरांची वसाहत आहे, तिथल्या पाणीवाटपाचा प्रोग्राम या कंपनीनं केला. कंपनीनं म्हणजे हेमावतीनं, एकटीनं. ती त्याच वसाहतीत चौथ्या गल्लीत राहते. पाणी पाचव्या दिवशी, गल्लीला वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत जे भरलं ते आपलं.

प्रोग्रामच्या आधी हे काम इसूफचाचा करायचे. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. हेमावती महिनाभर त्यांच्या मागं वही घेऊन हिंडली. चाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर लगेच उठत नसत. पाइपावर तळहात ठेवून बसायचे, आतली थरथर थांबेपर्यंत. भूक लागो, ऊन डोक्यावर येवो, शेवटचा पाइप गप्प झाल्याशिवाय हा माणूस कधी घरी गेला नाही.

"खोलना तो कोई बी खोलता, बेटी," ते म्हणायचे. "बंद करके हाथ लगाके देखना, वो काम है."

हेमावतीनं प्रोग्राम तसाच लिहिला. प्रत्येक गल्लीसाठी मागच्या मागं चालणारं एक वेगळं काम, ज्याला या धंद्यात थ्रेड म्हणतात. त्यानं व्हॉल्व्हची मोटर चालू करून पाणी सोडायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग बंद करायचं. आणि मध्येच कुणी प्रोग्राम बंद करायला घेतला, तर? तर प्रोग्राम आधी या सगळ्यांना आवरायला सांगणार, प्रत्येकाचा व्हॉल्व्ह बंद होऊन "झालं" असा निरोप येईपर्यंत थांबणार, आणि मगच स्वतः मिटणार. चाचांच्या तळहाताचं काम तिनं चार ओळींत बसवलं होतं. त्याला चाळीस सेकंद लागायचे.

हे चाळीस सेकंद पृथ्वीराजच्या मेव्हण्याला, अजिंक्यला, खुपले. कोर्स करून नुकताच आलेला, हाताला सारखी खाज. त्यानं त्या चार ओळी खोडल्या आणि थ्रेडपुढं एक शब्द टाकला. त्याचा अर्थ एवढाच, की मुख्य प्रोग्राम निघाला की यांच्यासाठी थांबायचं नाही, असतील तिथं मरू द्यायचं. आता प्रोग्राम चुटकीसरशी बंद व्हायला लागला. एका दुपारी चौथ्या गल्लीत पाणी सुरू असताना अजिंक्यनं कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला गेला. बंद करणाराच मेला, मग व्हॉल्व्ह कोण बंद करणार? टाकी गटारात गेली. उरलेल्या गल्ल्या आणखी पाच दिवस कोरड्या.

वसाहतीच्या बैठकीत पृथ्वीराज माईकवर म्हणाला, "बाईंच्या प्रोग्राममध्ये खोट होती. त्यांना काढलंय." चोराच्या उलट्या बोंबा! हेमावती ओळींबद्दल, शब्दाबद्दल सांगत राहिली, पण ऐकतंय कोण? सातव्या गल्लीतली रंभाबाई विड्या वळायचं सूप मांडीवरून खाली ठेवून उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुज्या कॉम्प्युटरनं आमची तोंडं वाळवली गं." तेव्हापासून नळावर हेमावती आली की बायका गप्प व्हायच्या. नोकरी गेल्याचं तिला एवढं लागलं नाही, पण ते गप्प होणं तिच्या काळजात रुतून बसलं.

आठ महिने ती दातओठ खात थांबली. तिनं एक गोष्ट हेरून ठेवली होती. त्या दिवसापासून अजिंक्यनं तो कॉम्प्युटर एकदाही बंद केला नव्हता.

मग एका सकाळी टाकीशेजारी मंडप पडला. आणखी तीन वसाहतींचे पंच प्रोग्राम बघायला आले होते. पृथ्वीराज नव्या कोऱ्या जाकिटात. हेमावती पहिल्या रांगेत येऊन बसली, खुर्चीखाली सतरंजीची लांब गुंडाळी. मागच्या रांगेत इसूफचाचा. सकाळी तिनं त्यांच्याकडं चावी मागितली, तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलं नव्हतं.

पडद्यावर बटण दाबलं आणि मंडपाला लागूनच असलेल्या पहिल्या गल्लीत पाणी सुरू झालं. टाळ्या पडल्या. हेमावती उठली.

"उघडून दाखवलात, छान झालं. आता बंद करून दाखवा की."

"गल्ली बंद करायचीय?" पृथ्वीराजनं विचारलं.

"गल्ली न्हाय ओ, प्रोग्राम. पाणी चालू असताना."

अजिंक्यनं माउसवरचा हात काढून घेतला. "दाजी, नको... अपडेट चालू आहे."

पृथ्वीराजला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि पंच बघत होते. "कर की बंद! घाबरतोस कशाला?"

अजिंक्यनं बंद केला. एका सेकंदात पडदा काळा. "बघा, चुटकीसरशी!" पृथ्वीराज म्हणाला.

पाणी चालूच होतं.

अजिंक्यनं घाईघाईनं प्रोग्राम पुन्हा लावला. आधीचा काय करत होता, हे या नव्याला कुठून ठाऊक असणार? पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'सर्व व्हॉल्व्ह बंद', आणि जे बंदच आहे ते पुन्हा बंद करायचा हुकूम तो घेईना. बाहेर पहिल्या गल्लीतले पिंप भरून वाहायला लागले, पाणी मंडपात शिरलं, पंचांनी पाय वर घेतले. बटणं दाबून दाबून अजिंक्य रडकुंडीला आला.

"चावी कुठाय?" पृथ्वीराज ओरडला. "अरे, हातानं फिरवायची चावी!"

हेमावतीनं सतरंजी उलगडली आणि चावी उभी धरून तिथंच उभी राहिली. "त्या दिवशी चूक कुणाची होती, ते माईकवर सांगा. मग देते."

"बाई, टाकी रिकामी होतीय!"

"मग लवकर सांगा की."

अजिंक्यनं आधी सांगून टाकलं, चार ओळींचं, त्या एका शब्दाचं. पण तेवढ्यानं तिचं पोट कुठं भरायला? तिला पृथ्वीराजच्या तोंडून हवं होतं. मागून चाचांचा आवाज आला, "बस बेटी, इत्ता नक्को." ती वळलीसुद्धा नाही. शेवटी पृथ्वीराजनं माईक घेतला. "चूक आमची. बाईंची नव्हती."

"मोठ्यानं. आणि नाव घेऊन."

"हेमावतीबाईंची चूक नव्हती!"

काय गार वाटलं तिला! आठ महिन्यांचा निखारा विझला. चाचांनी चावी तिच्या हातातून काढूनच घेतली. बंद करताना ते आटे मोजत होते. मग पाइपावर हात ठेवून बसले, थरथर थांबेपर्यंत. उठताना एवढंच म्हणाले, "ग्यारा मिनिट का पानी गया."

पंच दुपारच्या आधीच निघून गेले. नळावरच्या बायका हेमावतीला हाका मारून बोलवायला लागल्या, तीही मान वर करून हिंडली. संध्याकाळी सातव्या गल्लीला पाणी सुटलं आणि नऊ मिनिटांत टाकीच संपली. हेमावतीनं आपल्या पिंपातून घागर भरली, कमरेवर घेतली आणि रंभाबाईच्या दारात नेऊन ठेवली.

रंभाबाईनं घागरीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "नाव लई स्वच्छ धुतलंस बाई," ती म्हणाली. "आमच्या पाण्यानं."

नऊ नऊ वर्षं उत्तर जपून ठेवणाऱ्या हेमावतीनं घागर रंभाबाईच्या पिंपात ओतून रिकामी केली आणि ती दुसरी आणायला घरी गेली.